आखाड्यातली पावलं
तेल-हळद घालून मळलेल्या लाल मातीचा वास आला की मला मंगरूळपीरच्या तालमीतली ती दुपार आठवते. आम्हाला कुस्ती शिकवणारे उस्ताद वारून आठवडा झाला होता. मी आखाडा खणून माती सारखी केली आणि दाराला कुलूप लावून जेवायला गेलो. कुस्तीतल्या जोडीदाराला घेऊन परतलो, तर कुलूप तसंच होतं, पण मातीत अनवाणी पावलं उमटली होती, डावं पाऊल फरपटलेलं. उस्ताद तसेच चालायचे. पावलं मधोमध जाऊन थांबली होती, परतीची नव्हतीच. "तू आत गेलता काय बे?" जोडीदारानं विचारलं. मी चावी दाखवली. तेवढ्यात रिकाम्या आखाड्यातून शड्डू ठोकल्याचा आवाज आला. "पय इथून!" म्हणत तो पळाला, मागोमाग मीही. तालीम त्या दिवसापासून बंदच आहे. आता भीती वाटत नाही. वाटतं, उस्ताद फक्त कुस्तीला बोलवत होते आणि त्यांचे शिष्य पाठ दाखवून पळाले.