चतुष्पाद : एकही नाही

राजारामपुरीत नव्या घरी आलो त्याच दिवशी मी शेजारच्या पद्माक्कांना विचारून बसलो, "तुमचा कुत्रा चावतो का हो?"

"माझा न्हाय. पावणा हाय त्यो," सत्तरीच्या आक्का जोंधळे निवडता निवडता म्हणाल्या. "चावतोय का न्हाय, त्यालाच इचारा की."

मी बावळटासारखं खरंच कुत्र्याकडे पाहिलं.

आक्का जैन, एकट्या. मुनीमहाराजांपुढे त्यांनी अपरिग्रहाचं व्रत घेतलं होतं : लागेल तेवढंच आपलं म्हणायचं, वर काही नाही. त्याची यादी भिंतीवर. लुगडी पाच, भांडी अकरा, आणि शेवटी 'चतुष्पाद : एकही नाही'. माझ्या बायकोने कौतुकाने नेलेली किटली त्यांनी दारातूनच परत केली. "यादीत न्हाय बाई. आणि जित्या जिवाला तर मालक असतंय व्हय?"

हा पावणा त्यांना कळंबा तलावाकाठी पाय मोडलेला सापडला होता. डॉक्टरांकडे नेऊन, वर्षभर शेकून त्यांनी तो पाय बरा केला.

पाय बरा झाला आणि मालक उगवला. शाहूपुरीतला दुकानदार, कुत्रा विकत घेतल्याची पावती घेऊन. त्याला शेतावर राखणीला हवा होता. थेट चौकीत तक्रार. आक्का कुत्र्याला घेऊन निघाल्या, धीर द्यायला मी सोबत गेलो.

फौजदार माणूस बरा. "आक्का, कायद्यानं कुत्रं म्हंजे वस्तूच. ह्यांच्याकडं पावती हाय. ह्यांनी टाकलं, तुम्ही सांभाळलं, तर तसं लिवून द्या की, कुत्रं माझं हाय म्हणून. पुढचं कोर्ट बघंल. न्हायतर मला ह्यांच्या ताब्यात द्यावं लागंल."

आक्कांनी नुसती नकारार्थी मान हलवली. दुकानदाराने साखळी अडकवली. कुत्रा पोट फरशीला टेकवून आक्कांच्या मागे सरकला. साखळी ताणली, तसा त्याच्या घशातून बारीक आवाज आला.

"बघा सायेब, त्याच न्हाय म्हणत्यात," दुकानदार म्हणाला आणि दाराकडे वळला.

"पाय मोडला तवा कुणाची वस्तू हुती रं?" आक्का अशा ओरडल्या की हवालदाराच्या हातातला चहा सांडला. मग खाली मान घालून, "लिवा. माझं हाय."

सही करून त्या कुत्र्याला घेऊन निघाल्या. घरी येऊन त्यांनी यादीतली शेवटची ओळ खोडली. तीन दिवस अन्नाला शिवल्या नाहीत. मोडल्या व्रताचं प्रायश्चित्त.

हे मी बायकोला अगदी रंगवून सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि तुम्ही हो? तिथंच उभे होता ना? 'माझा आहे' म्हणायला तुमचं कुठलं व्रत मोडणार होतं?"