लोह धरणारं औषध

माझ्या अंगात लोह साठतं. मला थॅलेसेमिया आहे, म्हणजे माझं शरीर स्वतःचं रक्त नीट बनवू शकत नाही, आणि दर तीन-चार आठवड्यांनी ते बाहेरून चढवावं लागतं. चढवलेलं रक्त वापरून संपतं, पण त्यातलं लोह संपत नाही. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोयच माणसाच्या शरीरात नाही. ते यकृतात आणि हृदयात जाऊन बसतं आणि हळूहळू त्यांची नासाडी करतं. म्हणून रोज औषध घ्यायचं. ते लोहाला धरतं आणि लघवीवाटे बाहेर नेतं.

आज मी नांदेडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि हे सगळं फळ्यावर काढून दाखवते. पण अकरावी होईपर्यंत मला यातलं काही माहीत नव्हतं. एवढंच ठाऊक होतं, की औषध घेतलं की लघवी लाल होते.

आमचं गाव मुदखेडच्या जवळ. घरची शेती, हळद आणि फुलं. माझे वडील, अण्णा, सकाळच्या गाडीनं फुलांची गाठोडी नांदेडला न्यायचे. रक्त चढवायच्या दिवशी त्या गाठोड्यांबरोबर मी. फुलं बाजारात उतरली की आम्ही दोघं दवाखान्यात. दिवसभर माझ्या कपड्यांना काकड्याच्या फुलांचा वास यायचा आणि सिस्टर म्हणायच्या, "आली बघा फुलवाली."

डॉक्टरांनी आईला दोन गोष्टी बजावल्या होत्या. लोखंडी कढईत स्वयंपाक करायचा नाही, आणि मला जेवणाबरोबर चहा द्यायचा, कारण चहा अन्नातलं लोह अंगात शिरू देत नाही. आईनं कढई त्याच दिवशी माळ्यावर टाकली. चहाचं मात्र तिला शेवटपर्यंत पटलं नाही. भाकरीबरोबर चहा पिणारी गावात मी एकटीच. माझी चुलत भावंडं त्यावरून जळायची.

पहिल्यांदा लाल लघवी पाहिली तेव्हा आई भिंतीला टेकून खालीच बसली होती. डॉक्टर म्हणाले, "औषधाचा रंग आहे, घाबरू नका." आम्ही घाबरायचं सोडलं. रंग येतो कुठून, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

दहावीला चांगले मार्क पडले आणि घरात लातूरचा विषय निघाला. आमच्याकडं हुशार पोरगं निघालं की लातूरला पाठवायचं, हे ठरलेलं.

आई म्हणाली, "तिथं हिच्याकडं कोण बघंल?"

"मी बघीन," मी म्हणाले.

अण्णांनी हातातल्या हळदीच्या गड्ड्याची माती झटकली. मग म्हणाले, "जाऊ दे तिला. रक्ताला नांदेडला येत जाईल. बस तर हाय."

बस होती. ती लोहा नावाच्या गावावरून जायची, आणि दर वेळी कंडक्टर "लोहा, लोहा" ओरडला की मला हसू यायचं.

लातूरला मी एका काकूंच्या घरी खोली घेऊन राहिले. काकूंच्या घरचं भुसाराचं दुकान. रोज अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून पूजेला बसायच्या आणि पूजा होईपर्यंत कुणाशी बोलायच्या नाहीत. वरच्या मजल्यावर एकाच खोलीत आम्ही तिघी मुली, संडास-बाथरूम एकच. माझ्या आजाराबद्दल मी काकूंना सांगितलं होतं, "रक्त कमी आहे, चढवावं लागतं." तेवढ्यावर त्यांनी मान डोलावली होती.

क्लासला रसायनशास्त्र शिकवणारे सर उदगीरचे. धिप्पाड माणूस, आवाज मोठा, माईक कधी घ्यायचे नाहीत. बारावी सुरू झाली तशी त्यांनी एके दिवशी धातूंची संकुलं, म्हणजे कॉम्प्लेक्स, शिकवायला काढली. फळ्यावर मधोमध लोहाचा आयन काढला आणि त्याच्याभोवती पाण्याचे सहा रेणू.

"हे सहा जण एकेका हातानं धरून उभे आहेत," सर म्हणाले. "येतात, जातात. आता इथं दोन हातांनी धरणारा रेणू आला तर काय होईल?"

सरांनी पाण्याचे रेणू पुसायला घेतले.

"असले तीन रेणू आले की पाण्याचे सहाच्या सहा बाहेर. याला कीलेट म्हणायचं. खेकडा नांगीत धरतो, तसं. आता हे इतकं घट्ट का बसतं? आत आले तीन, सुटले सहा. मोकळे फिरणारे वाढले, म्हणजे पसारा वाढला, म्हणजे एन्ट्रॉपी वाढली. थर्मोडायनॅमिक्स तुम्ही पाठ करता ना? ते इथं कामाला येतं."

मग खडू खाली ठेवता ठेवता त्यांनी सहज सांगितलं, की ज्या मुलांना सारखं रक्त द्यावं लागतं त्यांच्या अंगातलं लोह काढायला डॉक्टर हेच वापरतात, आणि त्या संकुलाला लाल रंग असतो.

माझे कान तापले. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये सर माझ्याबद्दल बोलत होते आणि त्यांना ते माहीतही नव्हतं. तास संपल्यावर मी पुढं गेले.

"सर, ते औषध मी घेते."

मला वाटलं, आता चेहरा पाडतील. सगळेच पाडायचे. सरांनी विचारलं, "कोणतं? नाव सांग." मी सांगितलं. त्यांनी पुसलेल्या फळ्यावर पुन्हा खडू टेकवला आणि त्या औषधाचा रेणू काढला. "हे दोन ऑक्सिजन बघ. हे त्याचे दोन हात. तीन रेणूंचे सहा. लोहाला दुसऱ्या कुणाला धरायला जागाच उरत नाही."

माझ्या आजाराबद्दल आवाज खाली न आणता बोललेला तो पहिला माणूस. त्या दिवशी मी क्लासपासून खोलीपर्यंत जवळजवळ पळतच गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाथरूमचं प्रकरण झालं. पाणी गेलेलं होतं, लातूरला ते नेहमीचंच. बादलीतलं उरलेलं पाणी मी ओतलं, पण ते पुरलं नाही. माझ्यामागून खोलीतली एक मुलगी आत गेली आणि किंचाळत बाहेर आली. संध्याकाळपर्यंत ते काकूंच्या कानावर गेलं. दोघी मुली खाली जाऊन सांगून आल्या, की हिच्या लघवीतून रक्त जातं, हिला काहीतरी लागट आहे, आम्ही हिच्याबरोबर राहणार नाही.

काकू जिन्यात उभ्या राहिल्या, वर आल्या नाहीत. "पोरी, तुझ्या वडलाला बोलावून घे. तू दुसरीकडं बघ. माझ्या घरी लेकरंबाळं येतात."

"काकू, ते रक्त नाही."

"मग काय हाय?"

"लोखंड आहे."

काकूंना वाटलं मी थट्टा करते. त्या आणखीच भडकल्या आणि खाली निघून गेल्या.

मी रडले नाही. रडण्यासारखं होतं, पण मला उत्तर माहीत होतं, आणि उत्तर माहीत असताना रडायला येत नाही. दुसऱ्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं आणि म्हणाले, "सर, मला थोडं फेरिक क्लोराइड पाहिजे."

सरांनी माझ्याकडं पाहिलं आणि मोठ्यानं हसले. "चल, मी पण येतो."

दुपारी आम्ही काकूंच्या ओसरीवर बसलो. सर त्यांना "अक्का" म्हणाले आणि त्यांच्या माहेरच्या कानडीत दोन शब्द बोलले, तेव्हा त्या जरा सैल झाल्या. खोलीतल्या दोघी मुली जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. मी दोन काचेचे ग्लास मागितले. दोन्हींत पाणी घेतलं. माझी कॅप्सूल उघडून तिच्यातली पांढरी पूड एका ग्लासात ढवळली. दुसऱ्यात काही टाकलं नाही. मग सरांनी आणलेल्या बाटलीतलं लोहाचं पिवळसर द्रावण ड्रॉपरनं आधी साध्या पाण्यात सोडलं. पाणी किंचित पिवळं झालं, इतकंच.

"हे नुसतं लोखंडाचं पाणी," मी म्हणाले. "आता औषधाच्या पाण्यात टाकते."

थेंब पडला तिथून लाल रंग फुटला आणि तळापर्यंत उतरत गेला. मी आणखी थेंब टाकले. सगळा ग्लास गडद लाल झाला. मलाही तो रंग असा बाहेर, काचेत, पहिल्यांदाच दिसत होता.

काकू पुढं वाकल्या. "माय गं! हे रगत न्हाई?"

"न्हाई काकू. मला दुसऱ्याचं रक्त चढवतात, त्यातलं लोखंड अंगात साठतं. हे औषध ते धरून बाहेर काढतं. धरलं की असा रंग येतो. रंग आला म्हणजे औषध काम करतंय."

"आन् हे दुसऱ्याला लागत न्हाई?"

"आईबापाकडून येतं, अक्का," सर म्हणाले. "शेजारून येत नाही."

काकूंनी ग्लास उचलून उजेडात धरला, खाली ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. "मग ऱ्हा की. पर हे दोन ग्लास आता तुलाच ठेव बाई, मला न्हाई वापरवायचे."

दोघींपैकी एक मुलगी तरीही आठवड्यात खोली सोडून गेली. तिच्या आईला पटलं नाही. दुसरी राहिली आणि पुढं नर्सिंगला गेली. मला सोडून गेलेल्या मुलीचा राग आला नव्हता असं म्हणणार नाही. आला होता. पण तो फार दिवस टिकला नाही, कारण परीक्षा जवळ आली होती.

त्या वर्षी सुट्टीत घरी गेले तेव्हा अण्णांनी विहिरीवर एक प्रश्न विचारला. "रोज रोज औषध कशाला गं? एकदाच जास्त घेऊन सगळं लोखंड काढून टाकायला काय होतं?"

हा इक्विलिब्रियमचा प्रश्न होता. मी म्हणाले, "अण्णा, लोखंड सगळं रक्तात नसतं. बहुतेक यकृतात साठलेलं असतं, आणि रक्तात सुटं असं थोडंच. त्या दोघांचा समतोल असतो. औषध सुटं लोखंड उचलतं, मग साठ्यातून थोडं खाली उतरतं. ते उचललं की आणखी थोडं. आपण मोटर दिवसभर सलग चालवतो का?"

"न्हाई. इहीर आटते. झऱ्याला पाणी सोडायला येळ द्यावा लागतो."

"तसंच. जास्त औषध घेतलं तर ते रिकामंच फिरतं आणि अंगाला त्रास देतं."

अण्णांनी मोटर बंद केली. पुन्हा कधी हा प्रश्न त्यांनी विचारला नाही; आईलाच समजावून सांगायला लागले.

मेडिकलला मी गेले नाही. मार्क होते, सगळे म्हणत होते, पण मला रसायनशास्त्रच शिकायचं होतं, आणि ते मी नांदेडला राहून शिकले. नोकरी लागली तेव्हा मुलाखतीत एका गृहस्थांनी विचारलं, "तब्येत झेपेल का?" मी म्हणाले, "माझी तब्येत मी रसायनशास्त्रावरच चालवते." ते हसले आणि त्यांनी पुढचा प्रश्न थर्मोडायनॅमिक्सवर विचारला.

मग स्थळं यायला लागली, म्हणजे फार नाही. आजार कळला की लोक चहा पिऊन जायचे. एक मुलगा मात्र सगळं ऐकूनही आला. रेल्वेत नोकरी, मूळ गाव किनवटकडचं. बरोबर त्याची आई. पोहे पुढं आले तसं मी म्हणाले, "माझी एक अट आहे. मुलाच्या रक्ताची तपासणी करायची. त्याच्या रक्तात हाच दोष लपलेला असेल तर होणाऱ्या प्रत्येक मुलाला हा आजार व्हायची शक्यता पन्नास टक्के. मग हे लग्न मी करणार नाही."

त्याच्या आईनं बशी खाली ठेवली. "आजारी तुम्ही, आन् तपासायचं आमच्या पोराला?"

अण्णा कासावीस झाले. मी म्हणाले, "हो, त्यांनाच. माझं काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे. त्यांचं कुणालाच माहीत नाही."

मग तो मुलगा म्हणाला, "आई, त्यांचं बरोबर हाय. मी उद्याच जातो." आणि माझ्याकडं वळून, "पण ते औषध नेमकं काय करतं, मला सांगाल का?"

मी सांगायला लागले. कागद मागवला, लोह काढलं, सहा ऑक्सिजन काढले, एन्ट्रॉपीपर्यंत पोचले. तो मधेमधे प्रश्न विचारत होता आणि प्रश्न बावळट नव्हते. शेवटी आतून माझ्या आईचा आवाज आला, "अगं, पोहे गार झाले. पुरं कर तुझा तास!"

त्याचं रक्त निर्दोष निघालं. चार महिन्यांनी मुदखेडला आमचं लग्न झालं, अण्णांच्याच फुलांत. सासूबाई सुरुवातीला माझ्याशी जपून बोलायच्या. मग एकदा त्यांच्या भाचीचं लग्न ठरत होतं. बैठक भरली होती, याद्या चालल्या होत्या, आणि सासूबाई सगळ्यांच्या मधोमध उठून म्हणाल्या, "हळदीच्या आदी दोघांचं रगत तपासा. आमच्या सुनंनं केलतं, काय बिघडलं?"

मुलाकडचे एकमेकांकडं बघायला लागले. मी पदर सावरून बसले, कारण आता सगळं समजावून सांगायची पाळी माझ्यावर येणार, हे मला दिसत होतं.