लेखाखालच्या चार ओळी

कौशल्या गेल्यावर पुष्पलताबाई रामटेके यांच्या घरात बोलायला कोणी उरलं नाही. नागपूरच्या इंदोरा वस्तीतल्या त्या दोन खोल्यांत सकाळी शिवणाच्या क्लासच्या मुली यायच्या. त्या गेल्या की घर गप्प व्हायचं. बाजारात निघताना पुष्पलताबाईंच्या तोंडून अजून निघून जायचं, "दार लावून घे वं." मग त्या स्वतःच वळून कुलूप घालायच्या.

कौशल्या त्यांची धाकटी बहीण. लहानपणच्या दुखण्यात तिची पाठ वाकली, डावा खांदा वर चढला. शिंपी तिला झोळीसारखं ढगळ पोलकं शिवून द्यायचे. पुष्पलताबाई शिवण शिकल्या त्या तिच्यासाठीच. कापड दुमडून दोन्ही बाजू एकदम कापायच्या नाहीत; डावी निराळी, उजवी निराळी मापायची आणि शेवटी पाठीवर जुळवायची, हे त्यांना कितीतरी पोलकी बिघडवून उमगलं होतं.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात, बहिणीला जाऊन दोन वर्षं झाल्यावर, त्यांनी या कापण्यावर एक लेख लिहिला आणि महाल भागातल्या एका साप्ताहिकाच्या कचेरीत नेऊन दिला. संपादकांना सगळे भैय्याजी म्हणत. त्यांनी तिथंच बसून लेख वाचला.

"छापतो," ते म्हणाले. "खाली तुमची ओळख चार ओळीत लिहून द्या. गिऱ्हाईक आलंच तर त्या चार ओळींनीच येईल."

पुष्पलताबाईंनी लिहून दिलं: शिवणकामाची पदविका, प्रथम श्रेणी, वीस वर्षांचा अनुभव, प्रदर्शनात बक्षीस. भैय्याजींनी वाचलं आणि कागद परत सरकवला.

"ही ओळख नागपुरातल्या कोणत्याही क्लासवालीची हाये, बाई. लेख वाचून झाला की वाचणारीच्या मनात दोनच गोष्टी येतात. या बाईले हे कसं ठाऊक, अन् ही भेटते कुठं. बाकीचं बक्षीस-गिक्षीस राहू द्या घरी."

"मग बहिणीचं लिहावं लागते."

"कोणती बहीण?"

पुष्पलताबाईंनी सांगितलं. सांगता सांगता त्यांच्या ध्यानात आलं, की दोन वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. भैय्याजींनी पेन खाली ठेवून ऐकलं. शेवटी एवढंच म्हणाले, "लिहायचं का नाही, ते तुम्हीच ठरवा. मी एक अक्षर खोडणार नाही."

घरी येऊन त्या कागद घेऊन बसल्या. फोटो काढायचा म्हटलं की कौशल्या शाल पांघरायची. तिची पाठ आता पेपरात मांडायची? त्यांनी नाव गाळलं. नुसतं 'धाकटी बहीण' लिहिलं. पत्त्यापाशीही हात अडला. इंदोरा म्हटलं की माणसं जात ओळखतात, आणि काही जणी तिथूनच परत फिरतील. पण पत्ता झाकून कोण भेटणार होतं? तो लिहिला. मग वाक्य वाचून पाहिलं: 'बहिणीचे कपडे त्या शिवतात.' त्यांची नजर 'शिवतात' या शब्दावर खिळली. ते खोडून 'शिवत होत्या' केलं, आणि पदराने डोळे पुसून कागद पुन्हा स्वच्छ उतरवला.

'पुष्पलता रामटेके. वाकलेल्या पाठीच्या धाकट्या बहिणीचे कपडे त्या वीस वर्षं शिवत होत्या. बहीण आता नाही. इंदोऱ्यात शिवणाचा क्लास चालवतात. दुपारी घरीच असतात.'

लेख छापून आला. क्लासच्या मुलींनी नाव पाहून कौतुक केलं. दुपारी पुष्पलताबाई दार उघडं ठेवून बसू लागल्या. कोणी आलं नाही. संत्र्याचा हंगाम सरला, उन्हं तापायला लागली.

होळीनंतर एका दुपारी काटोल गावच्या रुखमाबाई नावाच्या एक बाई दारात उभ्या राहिल्या. मागे अंगभर पदर गुंडाळलेली त्यांची मुलगी, इंदू.

"शेजारच्या मास्तरीणबाईनं पेपर वाचून दाखवला, ताई," रुखमाबाई म्हणाल्या. "इचं लग्न जमलं. काटोलात शिंप्याकडं जातच नाही म्हणते."

पुष्पलताबाईंनी दोघींना पाणी दिलं, चहा टाकला. रुखमाबाईंनी क्षणभर कपाकडे पाहिलं आणि घेतला. इंदू मात्र पदर सोडेना.

"तुमच्या बहिणीले लोक पाहत होते काय?" तिनं हळूच विचारलं.

"पाहत होते."

"मंग ती काय करत होती?"

"घरात रडे. पण पोलकं अंगाले नीट बसलं का आरशापासून हालत नव्हती."

इंदूनं पदर खाली घेतला.

पुष्पलताबाईंनी टेप लावला. हात आपसूक डाव्या खांद्याच्या उंचवट्याकडे गेला आणि तिथं त्यांना काही सापडलं नाही. या मुलीचा उजवा खांदा वर होता. त्या थांबल्या. बोटांना पाठ असलेलं अंग दुसरं होतं, आणि ते आता कुठंच नव्हतं.

"तुम्हाले काही दुखते काय, ताई?" इंदूनं विचारलं.

"नाही वं. उभी राहा सरळ, तुले जमते तशी."

त्यांनी पहिल्यापासून मापं घेतली.

आठवड्याने इंदूनं पोलकं घालून पाहिलं. वळून, मान वाकडी करून पाठ पाहिली. रुखमाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला; कुठं चुणी नव्हती. मग बसची वेळ झाली म्हणून दोघी घाईनं निघाल्या. नंतर ना पत्र आलं, ना लग्नाचं बोलावणं. पुष्पलताबाईंनी काही दिवस वाट पाहिली.

पुढं अशा आणखी काही जणी आल्या, वर्षाकाठी चार-पाच. कपडे घेऊन गेल्या. भैय्याजींनी दुसरा लेख मागितला तेव्हा विचारलं, "ओळखीत काही बदलायचं काय? आता तुमचं नाव झालं."

"तेच राहू द्या," पुष्पलताबाई म्हणाल्या. "तेवढंच माझ्या बहिणीचं छापून येते."