काऊन मामाजींचा विमा

दवनीवाड्याच्या बाजारातली टमाटरवाली काऊन मामाजींना लांबून पाहताच टोपलीवर फडकं टाकायची. भाव सांगितला की "काऊन?", म्हणजे का, हा प्रश्न ठरलेला, आणि उत्तर पटेपर्यंत मागचं गिऱ्हाईक उन्हात उभं. मामाजी माझ्या आईचे चुलतभाऊ. त्यांची आणि माझी धानाची शेती बांधाला बांध लागून. ते कानात बोलले तरी अर्ध्या गावाला कळे.

त्यांचं दुसरं वाक्य असं : "काय भेटते ते मंग सांग, काय नाही भेटत, ते आधी सांग." माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो, तर होणाऱ्या सासऱ्यांनाही त्यांनी हेच विचारलं. सासरे गोंधळले. तेव्हा मामाजींनी उदार मनानं आमची बाजू आधी मांडली : "आमच्या पोराले हिसाब नाही येत, पोहणं नाही येत, आन् सकाळी उठणं त बिलकुलच नाही येत." तरी लग्न जुळलं. बायको आजही म्हणते, तुमच्याकडचा खरं बोललेला तो एकच माणूस.

पीक विम्यावर माझा राग होता. जुन्या योजनेत माझी बांधी, म्हणजे धानाचं शेत, नाल्याच्या पुरात गेली, तेव्हा भरपाईच्या भरवशावर मी कुडव्याला जाऊन मोटारसायकल पसंत करून आलो. छदामही आला नाही.

"कसा येईन गा?" मामाजी म्हणाले. "त्या विम्यात तुही बांधी कोणी पाहत नाही. आख्ख्या मंडळाचं, आजूबाजूच्या साऱ्या गावांचं मिळून सरासरी पीक पाहतात. मंडळ पिकलं, तू बुडाला. इचारलं होतं का?"

विचारलं होतं, पण मोटारसायकलच्या रंगाबद्दल.

नवी योजना आली तेव्हा त्यांनी मला ओढतच बँकेत नेलं. विम्याचा माणूस गोंदियाचा, हिंदीच्या वळणाचा. "मामाजी, विमा रकमेवर शेकडा दोन रुपये तुमचे, बाकी सरकार भरेगी."

"ते मंग. काय नाही भेटत?"

तो घाम पुसत सांगत गेला. कापलेलं धान बांधीत सुकायला पसरलेलं असताना अवकाळी पाऊस आला, तर ज्याचं त्याचं नुकसान पाहून भरपाई. तीन दिवसांच्या आत कळवायचं. पण तेच धान गोळा करून पुंजणं रचलं, की त्या ढिगाला विमा नाही. पुढच्या "काऊन?"मध्ये त्याचा चहा निवून गेला.

त्या वर्षी दिवाळीनंतर पाऊस आलाच. कापून पसरलेल्या कडपा पाण्यात लोळत होत्या. वर्षभराचं खाणं आणि पुढचं बियाणं, सगळं त्यातच. आमच्याकडे भिजलेलं धान बांधीत सोडणारा आळशी ठरतो, आणि माझ्याबद्दल लोक आधीच बरंच बोलत. म्हणून मी आयुष्यात एकदाचा पहाटे उठलो आणि ओल्या कडपांचं पुंजणं रचायला निघालो.

"ठेव खाली!" मामाजी चिखल तुडवत येत होते. "काऊन रचून राहिला? ओलं रचशीन त आतून कोंब फुटतीन, आन् विमाबी जाईन. आधी फोन लाव!"

धानाचा पहिलाच कवळा कवेत होता, तो खाली ठेवला. फोन लावला. पाहणीवाला येईपर्यंत मामाजी रोज माझ्या बांधावर येऊन बसत. धान राखायला नव्हे, मला राखायला.

पाहणी झाल्यावर मी विचारलं, "मामाजी, हा तुमच्या बांधीत कधी येणार?"

"माह्या बांधीत काय पाहीन? म्या त ढग पाहून आदल्या दिवशीच पुंजणं घातलं. पाणी खालून शिरलं. सडून राहिलं सारं."

"पण तुम्हाला तर सगळं माहीत होतं!"

"डोक्याले माहीत होतं गा. हाताले कोण सांगन?" आणि असे हसले की बांधीतले बगळे उडाले.

भरपाई आली. नुकसानीएवढी नव्हती, पण पुढचा हंगाम उभा राहिला. वाचलेल्या धानातलं निवडक बियाणं मी मामाजींच्या छपरीत नेऊन टाकलं. ते नको नको म्हणत होते. मामीनं तोवर पोत्याचं तोंड सोडून दाणा दाताखाली धरलाही होता. "चांगलं आहे जी," ती म्हणाली, आणि विषय संपला.

पुढच्या साली माझे पऱ्हे किडीनं खाल्ले, तेव्हा रोपं त्यांच्याकडून आली. मग हे चालूच राहिलं. मामाजी आता नाहीत. दोन्ही बांध्यांत आजही तेच धान डोलतं. त्यातलं माझं कोणतं आणि त्यांचं कोणतं, हे मामीलाही सांगता येत नाही.