उणे चढ

आमच्या भूमितीच्या पुस्तकात रेषा किती कलली आहे त्याला 'चढ' म्हणत. माझं घोडं या शब्दापाशीच अडलं. दोन बिंदू दिले की मी य मधून य वजा करी, क्ष मधून क्ष वजा करी, भागाकारही बिनचूक करी, आणि उत्तर उणे आलं की ते उणे चिन्ह मुकाट्याने खोडून टाकी. चढ म्हणजे चढ; तो उणे कसा असेल? बिबवेवाडीहून मंडईकडे सायकल सोडून दिली की ती आपोआप पळते. त्या रस्त्याला जाताना चढ म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. दिलेल्या शब्दावर विश्वास ठेवायचा हा माझा स्वभाव, आणि त्यापायी दहावीला मी भूमितीत आपटले.

वडिलांनी आरडाओरडा केला नाही. "ऑक्टोबरला पुन्हा बसा. पास झालात तर शिका, नाहीतर तुम्हाला पाहून गेलेल्या पाहुण्यांना होकार कळवतो." ते मला अहो-जाहो करू लागले की प्रकरण गंभीर आहे हे घरात सगळ्यांना कळे. मला लग्न नको होतं, कॉलेजात जायचं होतं.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहत. आईने मला त्यांच्याकडे धाडलं. त्यांनी माझी गणितं पाहिली आणि खोडलेल्या जागेवर बोट ठेवलं.

"उणे चिन्हाशी आपलं काही वैर?"

"बाई, चढ उणे कसा असेल?"

त्या हसल्या नाहीत. "पुस्तक लिहिणाऱ्यांनी दोन्हीला एकच शब्द ठेवला, त्याला आपण काय करणार? रेषा डावीकडून उजवीकडे वाचायची. वर गेली तर चढ अधिक, खाली आली तर उणे. उतारालाही चढच म्हणायचं. पटलं नाही तरी म्हणायचं."

मला पटलं नाही. पण ऑक्टोबरच्या पेपरात (२, ७) आणि (५, १) हे बिंदू आले, उत्तर उणे दोन निघालं, आणि खोडायला शिवशिवणारा हात आवरून मी पान उलटलं.

काठावर पास झाले. वडिलांनी निकाल पाहिला आणि पायात चपला सरकवल्या.

"आता कुठे?" आईने विचारलं.

"पाहुण्यांकडे. नकार समक्ष सांगितलेला बरा. पोरीला शिकायचंय."

मी मोरीत गेले, नळ मोठा सोडला आणि पोटभर रडून घेतलं.