साखळीमामाचं डावं पेडल

तर मामा सीटवरून चक्क उठून उभा राहिला, डाव्या पेडलवर सगळा भार टाकला, तेव्हा कुठे ते यंत्र डावीकडे वळलं. वळलं म्हणजे काय, रुसलेल्या जावयाने मान वळवावी तसं.

जमीन सपाट करायचा जुना, साखळ्यांवर चालणारा ट्रॅक्टर चालवायचा म्हणून सगळे त्याला साखळीमामा म्हणत. असल्या ट्रॅक्टरला स्टिअरिंगचं चाक नसतं. डावा दांडा ओढला की डाव्या साखळीची ताकद तुटते, डावं पेडल दाबलं की ती जागीच थांबते, उजवी चालत राहते आणि यंत्र वळतं. मामाचं डावं पेडल मात्र तळाला टेकलं तरी ब्रेकला त्याचा पत्ता नसायचा. दुरुस्ती येत नव्हती असं नाही हो! पण दुसरा कुणी बसला की यंत्र भलतीकडे जायचं, आणि "ही माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही" असं म्हणताना मामाची छाती वीतभर फुगायची.

ती छाती यंत्राच्या मालकीणबाईंनी एका संध्याकाळी खाली बसवली. "मामा, तुम्ही आजारी पडलात की काम बंद. उद्या दुपारी आपला रोड-रोलर चालवतो त्या रोलरवाल्याला बसवून बघते. त्याला चालवता आलं तर ठीक, नाहीतर यंत्र भंगारात."

भंगार! मामाला जेवण गोड लागेना. उजाडताच बायकोला घेऊन तो शेडमध्ये हजर. तिला सीटवर बसवलं आणि स्वतः मागचं झाकण काढून, पाना घेऊन आत डोकं घातलं.

"दाब."

"दाबलं."

"अगं, डावं!"

"माझं डावं की तुमचं?"

"यंत्राचं!"

"मग सांगा की तिलाच. तुमच्या शब्दाबाहेर नाही ना ती?"

मामाने डाव्या ब्रेकचा नट पुरता आवळला, मग जरासा सैल सोडला, नाहीतर ब्रेकचा पट्टा सारखा घासून जळतो. पेडल अर्ध्यातच कडक लागलं. बायको म्हणाली, "अहो, एवढंच होतं होय? आणि यासाठी रोज माझ्याकडून गुडघे चोळून घेत होतात?"

मामाने बराच वेळ डोकं बाहेर काढलंच नाही.

दुपारी रोलरवाला बसला आणि लोण्यातून सुरी फिरवावी तसं यंत्र फिरवून आला. मालकीणबाई म्हणाल्या, "राहू दे यंत्र." मामाचा जीव भांड्यात पडला. पण रोलरवाला गप्प बसेल तर ना!

"मामा, ही तर गरीब गाय आहे हो! तुम्ही उगाच वाघीण म्हणून सांगत होता."

"उतर खाली. दाखवतो."

मामा चढला, डावा दांडा ओढला, आणि सवयीप्रमाणे उभा राहून डाव्या पेडलवर धाडकन भार टाकला. यंत्र गर्रकन फिरलं आणि मामा सावरेपर्यंत शेजाऱ्याचं कुंपण आडवं करून त्याच्या भाजीच्या वाफ्यात जाऊन थांबलं.

मालकीणबाईंनी कमरेवर हात ठेवले. "मामा, यंत्र तर सुधारलं. आता तुमचं काय करायचं?"

मामाने अंगावरची धूळ झटकली, खाली उतरून रोलरवाल्याला सीट दाखवली आणि म्हणाला, "बाई, यंत्राचा नट हाताला लागला, माझ्या पायाचा सापडायला जरा वेळ लागेल. तोवर ह्याला बसवा, आणि शेजाऱ्याला म्हणावं, मामा पुन्हा शिकायला बसणार आहे, कुंपण उभं करायची घाई करू नको."