खाजणाच्या गाळाची साक्ष

माझी धाकटी बहीण खाडीकाठी दिलेली. आमची नदी खालापुरातून वाहत शेवटी तिच्या दारच्या खाजणात शिरते. भरती-ओहोटीचा चिखल तो. त्यातल्या निवट्या मासळ्या नि खेकडे विकून तिनं दोन लेकी उजवल्या. मग निवट्या मरायला लागल्या.

नदीकाठच्या एका कारखान्यानं आमच्याकडं सभा घेतली, तेव्हा मी तिला मुद्दाम नेली. कारखान्याच्या पाण्यानं निवट्या मरतात, असं ती उभी राहून बोलली. कारखान्याचा साहेब हसत म्हणाला, "बाई खोटं बोलते. खाजण पहिल्यापासून असंच घाण असतं." लोकही हसले. ती खाली बसली, नि माझ्याकडं जेवायलासुद्धा थांबली नाही. मी त्या माणसाचा चेहरा नीट बघून ठेवला. म्हटलं, हे तुझ्याच तोंडानं परत घ्यायला लावीन.

पुढं कॉलेजातली एक मुलगी आली, नदी नि खाजण तपासणारी. तिला मी घरातच ठेवून घेतली. त्यात पाहुणचार थोडा, माझा स्वार्थ जास्त. ती म्हणाली, "आजी, उद्या कारखान्याच्या वरच्या अंगाचे नि खालच्या अंगाचे धोंडे बघायचेत." पाहुणी पाण्यात उतरणार, पाय घसरायचा, म्हणून मी पहाटेच जाऊन दोन्हीकडचे धोंडे काथ्यानं लख्ख घासून ठेवले. पोर बघतच राहिली.

"आजी, मला त्यावरचं शेवाळच हवं होतं हो."

"मग आधी नाय सांगायचं? कंबर मोडली ना माझी."

शेवाळ पुन्हा धरेपर्यंत महिना गेला. तेवढे दिवस मी नदीवर राखण केली. धुणं घेऊन आलेल्या बायकांना सांगायची, "तिकडं आपटा गं. हे धोंडे साहेबासाठी राखलेत."

मग मुलीनं ते शेवाळ दात घासायच्या ब्रशानं खरवडून घेतलं. खाजणात ओहोटीला नळी खोल दाबून गाळाची उभी कांडी काढली. काही शेवाळं डोळ्याला दिसत नाहीत इतकी बारीक, पण त्यांना काचेसारखं कवच असतं. शेवाळ मेलं तरी कवच गाळात टिकतं. वरचा गाळ अलीकडचा, खालचा कारखान्याच्या आधीचा. खाली तऱ्हेतऱ्हेची कवचं निघाली. वर नुसती घाणीत तग धरणारी दोन-चार. धोंड्यांवरही तेच: कारखान्याच्या वर नाना जाती, खाली तीच दोन-चार.

बहिणीनं एवढंच विचारलं, "म्हंजे मी खोटं नव्हते ना बोलत?"

पुढच्या सभेला आम्ही तिघी पुढं बसलो. मुलीनं सगळं समजावून सांगितलं. साहेब कागद चाळत म्हणाला, "ठीक आहे, बघू." मी उठले.

"बघायचं नंतर. आधी माझ्या बहिणीला काय बोललात ते मागं घ्या."

तो पुटपुटला, "त्या खोटं बोलत नव्हत्या."

"मागं ऐकू नाय आलं, साहेब."

तो पुन्हा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. मला फार बरं वाटलं; देवाधर्माचं वय माझं, पण वाटलं.

"माझ्याकडं बघून नको. तिच्याकडं बघून."

तिसऱ्यांदा तो तिच्याकडं वळून, मोठ्यानं म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही. मी चौथ्यांदाही म्हणायला लावलं असतं, पण बहिणीनं पदर ओढला.

"पुरे गं ताई. जेवायला घाल आता. भूक लागलीय मला."